राजवाडे आणि व्याकरणाचा उसना गज

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निघाले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर जुन्या कागदांचे रुमाल उभे राहतात. गावोगाव पायपीट करणारा, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणारा, देशमुखांच्या आणि कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरून धूळ खात पडलेली दप्तरे खाली काढणारा एक तापट विद्वान, हीच त्यांची लोकमानसातली प्रतिमा आहे. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. राजवाडे जितके इतिहासाचे होते तितकेच व्याकरणाचे होते. आयुष्याच्या उत्तरार्धात तर त्यांचे मन घडामोडींच्या इतिहासापेक्षा शब्दांच्या इतिहासातच अधिक रमले होते. ज्या धुळे शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली, त्या शहरातल्या आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमधून आज हजारो मुले इंग्रजीची विशेषणे आणि क्रियाविशेषणे घोकत असतात व परीक्षेत नेमकी तिथेच अडखळतात. त्या अडखळण्याशी राजवाड्यांच्या जीवनकार्याचा संबंध आहे, असे म्हटले तर प्रथमदर्शनी ते चमत्कारिक वाटेल. परंतु तो संबंध आहे आणि तो पुष्कळ जवळचा आहे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. शिक्षण पुण्यात झाले. काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले. मॅट्रिक आणि पदवी यांच्यामध्ये त्यांची बरीच वर्षे गेली. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालयात बसावे आणि नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली वाचावीत, असा त्यांचा खाक्या होता. पुढे आपल्या शालेय आणि महाविद्यालयीन अनुभवांवर त्यांनी एक प्रदीर्घ निबंध लिहिला. त्या काळच्या शिक्षणपद्धतीची इतकी झोंबरी चिकित्सा मराठीत क्वचितच झाली असेल. पाठांतराने मती कशी कुंठित होते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतलेला होता. काही काळ त्यांनी शिक्षकाचे कामही केले. म्हणजे फळ्याच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, आणि नोकरीत ते कधी स्थिरावले नाहीत.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाने इंग्रजीला नावे ठेवावीत, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. राजवाड्यांचे तसे नव्हते. त्यांचे इंग्रजीवर प्रभुत्व होते आणि युरोपातील इतिहास व तत्त्वज्ञान त्यांनी त्या भाषेतूनच पचवले होते. त्यांचे ज्येष्ठ बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे फर्ग्युसन महाविद्यालयातील नामवंत प्राध्यापक आणि वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक. यास्काच्या निरुक्ताचे मराठी भाषांतर हे त्यांचे मोठे काम. असे हे दोघे बंधू इंग्रजी विद्येत मुरलेले असूनही आपल्या भाषेच्या मुळाकडे वळलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विश्वनाथरावांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखा ग्रंथ मराठीत आणला. पाश्चात्त्यांचे उत्तम विचार मराठी माणसाला त्याच्या भाषेत मिळाले पाहिजेत, ही त्यामागची तळमळ होती. परकी विद्या घ्यावी, ती आपल्या भाषेत आणावी, परंतु लिहावे ते मराठीतच, हे सूत्र त्यांनी जन्मभर पाळले. या व्रताची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांचे संशोधन महाराष्ट्राबाहेरच्या पंडितांपर्यंत फार उशिरा आणि फार थोडे पोहोचले.

१८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतपर्यंतच्या घडामोडींची अस्सल पत्रे त्यात होती. पुढील दोन दशकांत या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. एवढ्यावर एखाद्याचे आयुष्य कृतार्थ झाले असते. परंतु ही जुनी पत्रे वाचता वाचता राजवाड्यांना दुसरेच एक दालन उघडलेले दिसले. तीनशे वर्षांपूर्वीचा कारकून जे मराठी लिहीत होता, ते शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात बसत नव्हते. त्याही मागे जाऊन ज्ञानेश्वरीची जुनी पोथी हाती आल्यावर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. १९०९ साली त्यांनी ती ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही सिद्ध केले. एखाद्या जुन्या मराठी ग्रंथाचे व्याकरण त्या ग्रंथातूनच काढावयाचे, बाहेरून त्यावर लादावयाचे नाही, हा विचार त्या काळी नवा होता.

साचा कोठून आला?

मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. दादोबांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यापाशी दुसरा नमुना जवळजवळ नव्हताच. त्या वेळी इंग्रजी शाळांतून लिंडले मरे यांचे व्याकरण शिकवले जात असे. १७९५ साली इंग्लंडात निघालेले हे पुस्तक त्या काळी इंग्रजी साम्राज्यात सर्वत्र पोहोचलेले होते. त्याच्याच धर्तीवर मराठी शब्दांचे वर्ग पाडले गेले, आणि नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी या आठ जाती मराठी विद्यार्थ्याच्या पाठीशी कायमच्या लागल्या. यास्काने शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच विभाग मानले होते. पाणिनीने तर पदांचे सुबन्त आणि तिङन्त असे दोनच ठळक वर्ग केले. घरच्या या परंपरेकडे पाठ फिरवून मराठीने आठ खणांची विलायती पेटी स्वीकारली.

गंमत अशी की ती पेटी मुळात इंग्रजीचीही नव्हती. अठराव्या शतकातील इंग्रज वैयाकरणांनी आपल्या भाषेचे व्याकरण लॅटिनच्या नमुन्यावर बेतले होते. म्हणजे लॅटिनचा गज इंग्रजीने उसना घेतला आणि इंग्रजीचा मराठीने. दोन वेळा उसना आलेला गज कापडाला बरोबर लागेल, अशी अपेक्षा करणेच चुकीचे होते.

राजवाड्यांचा आक्षेप नेमका येथे होता. मराठीचे व्याकरण इंग्रजीच्या साच्यात ओतून तयार होणार नाही. ते मराठीच्या इतिहासातून, तिच्या जुन्या रूपांतून आणि तिच्या पूर्वजांकडून आलेल्या प्रत्ययांतून उलगडले पाहिजे, असे ते सतत मांडत राहिले. त्यांच्या व्याकरणविषयक लेखनाची ‘सुबन्तविचार’ आणि ‘तिङन्तविचार’ ही शीर्षकेच त्यांची दिशा सांगतात. प्रत्येक रूप आज असे का आहे, याचे उत्तर ते काल कसे होते यात शोधावयाचे, ही त्यांची पद्धत होती. इतिहासकार आणि वैयाकरण ही त्यांची दोन रूपे वेगळी नव्हतीच. कागदावरचा शब्द आणि शब्दातला प्रत्यय या दोहोंकडे ते दस्तऐवज म्हणूनच पाहत.

विशेषण की क्रियाविशेषण?

हा वाद केवळ पंडितांचा राहिला असता तर सामान्य वाचकाने त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालले असते. पण त्याचे परिणाम धुळ्याच्या आणि भुसावळच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतात. एक साधे उदाहरण पाहावे. मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते, मुले चांगली गातात. येथे ‘चांगला’ हा शब्द गाण्याच्या क्रियेविषयी सांगतो. म्हणून आठ खणांच्या पेटीत त्याची जागा क्रियाविशेषणाची. परंतु क्रियाविशेषण हे अव्यय असते, ते बदलत नाही, असे तीच पेटी शिकवते. आणि हा शब्द तर कर्त्याबरोबर लिंग आणि वचन बदलत चालला आहे! जाणत्या वैयाकरणांनी ही अडचण ओळखून तिची नोंद केली आहे. पण वर्गात ती अपवाद म्हणून दोन ओळींत उरकली जाते. वस्तुतः तो अपवाद नव्हे. तो मराठीचा स्वभाव आहे. मराठीत एकच शब्द नामाच्याही सेवेला असतो आणि क्रियेच्याही. सुंदर फूल आणि सुंदर लिहितो, खूप माणसे आणि खूप बोलतो, या जोड्यांत मराठी बोलणाऱ्याला शब्द बदलावा असे वाटतच नाही.

इंग्रजीत मात्र हे दोन संसार वेगळे. तेथे विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे मुळीच बदलत नाही, पण क्रियेकडे जाताना बहुधा शेवटी ‘ली’ लावून जाते. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, ‘ब्यूटिफुल’चे ‘ब्यूटिफुली’ होते आणि ‘गुड’ला तर ‘वेल’ असे निराळेच रूप घ्यावे लागते. खानदेशातला विद्यार्थी ‘शी सिंग्ज गुड’ असे लिहितो, तेव्हा तो निर्बुद्ध असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या मनात ‘ती चांगली गाते’ हे वाक्य असते म्हणून. मग गुरुजी लाल शाईने चूक दाखवतात आणि नियम पाठ करवून घेतात, की क्रियापदाजवळ आले की ‘ली’ लावावे. विद्यार्थी आज्ञाधारक असतो. पुढच्या वेळी ‘ती सुंदर दिसते’ याचे भाषांतर करताना तो ‘लुक्स’पुढे ‘ब्यूटिफुली’ लिहून मोकळा होतो, आणि पुन्हा चुकतो. ‘दिसणे’, ‘वाटणे’, ‘वास येणे’ या अर्थांची इंग्रजी क्रियापदे कर्त्याचे वर्णन करतात. त्यांच्यापुढे विशेषणच हवे. नियम शिकण्यापूर्वी जे वाक्य त्याने सहज बरोबर लिहिले असते, ते नियम शिकल्यावर तो चुकवतो. अर्धा नियम हा अज्ञानापेक्षा अधिक अपाय करतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

राजवाड्यांनी हेच उदाहरण दिले, असे नव्हे. परंतु त्यांची ऐतिहासिक दृष्टी येथे किती उपयोगी पडते, ते इंग्रजीतील अपवादांवरून कळून येते. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ हे शब्द विशेषण म्हणूनही चालतात आणि क्रियाविशेषण म्हणूनही. ‘फ्रेंड्ली’च्या शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषण आहे. ‘हार्डली’चा अर्थ कठोरपणे असा नसून जेमतेम असा आहे. पाठ्यपुस्तकात ही यादी घोकण्यासाठी दिलेली असते. इतिहास असे सांगतो की जुन्या इंग्रजीत विशेषणाला एक अंत्य स्वर जोडून क्रियाविशेषण बनत असे. कालांतराने तो स्वर झिजून गेला आणि ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांची दोन्ही रूपे एकसारखी उरली. ‘ली’चे मूळ रूप तर आधी विशेषणे बनवणारा प्रत्यय होता, ‘फ्रेंड्ली’ ही त्या जुन्या वहिवाटीची खूण. एवढे सांगितले की अपवाद हे अपवाद राहत नाहीत. त्यांना कुळ आणि गाव मिळते. मुलाला ते पाठ करावे लागत नाहीत, कारण ते त्याला समजतात. पाठांतराच्या शिक्षणावर राजवाड्यांनी जो कोरडा ओढला होता, त्याचे मर्म हेच होते.

धुळ्यातील शेवट

पुण्याच्या मंडळाशी राजवाड्यांचे संबंध पुढे बिनसले. मतभेद झाला की पाठ फिरवून चालू लागावयाचे, हा त्यांचा स्वभावच होता. अखेरच्या काळात ते धुळ्यास आले. पश्चिम खानदेशचे हे मुख्य ठाणे तेव्हा आकाराने लहान, पण विद्याव्यासंगाच्या दृष्टीने उपेक्षणीय नव्हते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ वाङ्मयाच्या संग्रहाचे व्रत घेतले होते. भास्कर वामन भट यांच्यासारखे वकिली करता करता इतिहास लिहिणारे गृहस्थ तेथे होते. १९२२ साली ‘राधामाधवविलासचंपू’ आणि १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ प्रस्तावनांसह प्रसिद्ध करून मोकळे झालेले राजवाडे आता मराठी धातूंच्या आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत बुडाले होते. टिपणांचा डोंगर उभा राहिला, पण ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच मृत्यूने त्यांना गाठले.

धुळेकरांनी केलेले पुढचे काम महाराष्ट्राने विसरू नये असे आहे. १९२७ साली भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले, त्यांचे कागद जपले आणि ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी ती टिपणे हाती घेऊन १९३७ साली राजवाड्यांचा मराठी धातुकोश आणि पाठोपाठ नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश संपादित केला. मंडळाने ते प्रसिद्ध केले. याच कुलकर्ण्यांना १९५२ साली अमळनेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. जिवंतपणी कोठेही न रमलेल्या माणसाला मृत्यूनंतर खानदेशाने घर दिले.

म्हणून राजवाड्यांचे सगळेच स्वीकारावे, असे मुळीच नाही. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. ध्वनिसाम्यावर उडी मारण्याचा मोह त्यांना आवरत नसे. त्यांच्याच हयातीत, १९२० साली, ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथ निघाला. पद्धतीच्या काटेकोरपणात तो राजवाड्यांच्या पुढे होता, हे मान्य करावयास हवे. त्यांच्या समाजविषयक लेखनात जातीचा अभिमान आणि पूर्वग्रहही ठायी ठायी दिसतात; त्यांचे समर्थन करता येत नाही. आणि इंग्रजीत न लिहिण्याचे त्यांचे व्रत हे इंग्रजी आत्मसात केलेल्या माणसाचे व्रत होते. साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलाला असा नकार परवडणारा नाही. स्पर्धा परीक्षेत, बँकेत, न्यायालयात आणि महाविद्यालयाच्या दारात त्याला इंग्रजी लागतेच. ते त्याला नीट आले पाहिजे, यात दुमत असू नये.

प्रश्न एवढाच की ते त्याला कोणत्या वाटेने यावे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. खानदेशातील कित्येक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलकडे लेवा बोली, तर सातपुड्याच्या पायथ्याशी भिली आणि पावरी. १९०७ साली ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर एका खंडात बसवण्यात आले, एवढे तिचे वेगळेपण अभ्यासकांना जाणवले होते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत, आणि त्यांच्या बोलीतले विशेषण कोणत्याही पुस्तकाला न विचारता आपल्या जागी चपखल बसले. अशा बोलींतून आलेले मूल प्रमाण मराठीच्या वर्गात प्रथम अशुद्ध ठरते आणि इंग्रजीच्या वर्गात दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा त्याच्या हाती त्याच आठ खणांची पेटी दिली जाते. त्याच्या स्वतःच्या बोलीत विशेषण कसे वागते, हे त्याला कोणी विचारीत नाही.

ते विचारावयास फारसा खर्च येत नाही. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आधी मराठीचे किंवा अहिराणीचे वाक्य लिहावे, त्यातला शब्द कोणाबरोबर बदलतो ते मुलांनाच शोधू द्यावे आणि मग शेजारी इंग्रजी वाक्य मांडावे. एक भाषा शब्दाला कर्त्याशी जोडते, दुसरी त्याला क्रियेशी बांधून वेगळे रूप देते, हा फरक मुलाने स्वतः पाहिला की ‘ली’चा नियम त्याला शिक्षेसारखा वाटणार नाही. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले, त्यातही दोन भाषा शेजारी ठेवण्याचा हा गुण होताच. आज मराठीला आधार न मानता अडथळा मानण्याची जी रीत पडली आहे, तिने मुलाची मराठीही कच्ची राहते आणि इंग्रजीही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करणारे जे पुरावे अशा वेळी मांडले जातात, त्यांची वाट राजवाड्यांच्या पिढीने खांद्यावर पडशी टाकून तुडवलेली आहे. त्यांच्या निधनाची शंभर वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. त्या निमित्ताने धुळ्यात भाषणे होतील, हारतुरे होतील आणि ते यथोचितही ठरेल. पण एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी मुलाची चूक लाल शाईने खोडण्याआधी ती कोठून आली हे मुलालाच शोधावयास लावले, तर त्या दिवशी इतिहासाचार्यांचे काम एक पाऊल पुढे गेलेले असेल.